मावशी दारात वळते

तीन बहिणींत ती मधली. थोरलीच्या वाट्याला मान आला, धाकटीच्या वाट्याला लाड, आणि हिच्या वाट्याला थोरलीचे आखूड झालेले कपडे आणि धाकटीने उकरून काढलेली भांडणं. तिला चांगलं नाव ठेवलेलं होतं, पण हाक मारायची वेळ आली की घरात सगळ्यांच्या तोंडी ‘मधले’ एवढंच येई. मोठेपणी ती ॲनिमेशनच्या कामाला लागली, तर तिथेही तेच नाव तिची वाट बघत बसलं होतं. कारण तिचं कामच मधल्या चित्रांचं होतं.

स्टुडिओ म्हणजे एका बंद पडलेल्या छापखान्याचा वरचा मजला. त्याचे मालक, दिग्दर्शक आणि मुख्य चित्रकार असे तिन्ही म्हणजे दादा. एखाद्या माणसाने टेबलावरचा हात उचलून डोकं खाजवायचं असलं, तर दादा दोन-तीन चित्रं काढत. हात टेबलावर, हात वाटेत, हात डोक्यावर. बाकी सगळा हात मधलीने वर न्यायचा. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर दादांची दोन चित्रं एकावर एक ठेवायची, वर कोरा कागद घालायचा आणि दोन रेघांच्या मध्ये तिसरी रेघ धरायची. सेकंदभराच्या हालचालीला अशी डझनभर चित्रं लागत. त्यात एका जरी चित्रात रेघ केसभर सरकली, तरी पडद्यावर ती थरथरते. सुरुवात आणि शेवट कुणीही करील, मधलं निभावणं अवघड, असं दादा येईल त्याला सांगत आणि मधलीच्या टेबलाकडे बोट दाखवत. वीसहून जास्त वर्षं त्या काचेवर वाकून तिची मान पुढे आली होती, कपाळावरचे केस पिकले होते, पण तिची रेघ कधी हलली नव्हती.

तिचं लग्न झालं नाही. एकदोन स्थळं आली, चहा पिऊन गेली. आईवडील गेल्यावर दोन खोल्यांच्या घरात ती आणि धाकटी राहत. धाकटी टेलिफोनच्या कचेरीत जोडण्या देई. दिवसभर परक्यांचे आवाज ऐकून तिचे कान इतके तयार झाले होते, की समोरचा खोटं बोलायच्या आधीच तिला कळे. थोरली लांबच्या गावी संसारात बुडलेली होती आणि फोनवरून दोघींना सल्ले पुरवत असे.

स्टुडिओचं पोट आजवर जाहिरातींवर चाललं होतं. साबणाचे फुगे नाचवा, दंतमंजनाच्या डबीला हसवा. आणि मग अचानक दूरदर्शन वाहिनीचं मोठं काम आलं. वर्षअखेरच्या सुट्टीच्या संध्याकाळी, घरोघरची माणसं एकत्र बसलेली असताना दाखवायचा अर्ध्या तासाचा खास कार्यक्रम. तोही वर्तमानपत्रातल्या ‘बोक्याची मावशी’ या चित्रपट्टीवरून.

ती चित्रपट्टी घराघरात माहीत होती. मांजर वाघाची मावशी, हे सगळ्यांना ठाऊक. पण इथे एका बोक्याला मावशी होती. मोठ्या इमारतीत एकटी राहणारी, जाडजूड, नाकाने कांदे सोलणारी बाई. ती सतत बोले आणि बोका सतत झोपे. तीन चौकटींत एवढंच, पण लोक सकाळी आधी मावशी वाचत आणि मग जगातल्या बातम्या. ती काढणारे गृहस्थ आता म्हातारे झाले होते. स्टुडिओत सगळे त्यांना काका म्हणत. पहिल्याच बैठकीत दादांच्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत काकांनी मावशी फक्त एका बाजूने काढली आहे. तिचं नाक कायम डावीकडे. कागदावर ते खपून जातं, पण हलत्या चित्रात बाई कधीतरी वळणारच. ती समोरून कशी दिसते, असं दादांनी विचारलं तेव्हा काका शांतपणे म्हणाले, “मला काय माहीत? ती माझ्याकडे कधी बघतच नाही.”

गोष्ट काकांनीच दिली होती. सुट्टी लागते, अख्खी इमारत गावाला जाते. एकट्या मावशीला वाटतं, आपणही का जाऊ नये? ती बॅग भरते. बोका बॅगेत जाऊन झोपतो. ती त्याला उचलून बाहेर ठेवते, तो पुन्हा बॅगेत. शेवटी ती रागारागाने बोक्याला घरात ठेवून, बॅग घेऊन दारापर्यंत जाते. तिथे थांबते. आणि वळते. बाकी सगळा कार्यक्रम म्हणजे त्या वळण्याची तयारी होती, हे काकांनाही माहीत होतं आणि दादांनाही.

काम सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील. मधलीला खिडकीचा गज फुगल्यासारखा दिसला. तिला वाटलं, लोखंडच ते, गंजून वाकलं असेल. मग रस्त्यावरचा दिव्याचा खांब वाकला. मग एका सकाळी काचेवरच्या कागदात, दादांच्या सरळसोट रेघेच्या मधोमध, पाण्यात काठी बुडवावी तसा बाक आला. तिने चष्मा पुसला. दिवा बदलून घेतला. कागद ओलसर आला आहे म्हणून कागदवाल्याला शिव्या दिल्या. आणि त्या रेघेवरच आपली रेघ काढली.

पुढे एक डोळा झाकून बघायची हिंमत तिने केली. उजव्या डोळ्याच्या मध्यभागी कुणीतरी ओल्या बोटाने पुसून काढावं तसा करडा डाग होता. डावा अजून दाखवत होता, पण वाकडं, आणि त्याच्याही मध्यभागी करडं पसरू लागलं होतं. तिने दोन्ही डोळे उघडले आणि कामाला लागली. कुणाला काही बोलली नाही.

एका दुपारी पहिल्या काही प्रसंगांची चाचणी भिंतीवर दाखवली. मावशी बॅगेची कडी लावत होती आणि लावता लावता तिची हनुवटी, खांदे, पदराची कड असं सगळं बारीक थरथरत होतं. दादांनी फिल्म थांबवली.

“मावशीला हिवताप झालाय का?” त्यांनी विचारलं.

काही जण हसले. दादा हसले नाहीत. त्या प्रसंगाची मधली चित्रं दोघींनी वाटून घेतली होती, मधलीने आणि नव्याने कामावर आलेल्या एका मुलीने. तिला सगळे ‘नवी’ म्हणत. गावाकडचं घर सोडून, दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या खोलीत राहून ती हे काम शिकत होती. हात चांगला होता, बोलणं तुटक होतं. कोणाची चित्रं कोणती, हे बघायचीही तसदी दादांनी घेतली नाही. ते थेट नवीकडे वळले आणि अर्ध्या तासाच्या कामात असे पांढऱ्यावर काळे करणारे हात आपल्याला परवडणार नाहीत, असं बरंच काही बोलले. नवी ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, की ही चित्रं माझी नाहीत.

“मग काय मधलीची आहेत?” दादा म्हणाले.

आता सगळेच हसले. सूर्य पश्चिमेला उगवला का, असं विचारल्यासारखंच होतं ते. नवी मात्र मधलीकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, नुसती वाट बघणं होतं. मधलीला तो चेहरा नीट दिसतही नव्हता. डाग नेमका त्याच्यावर पडला होता. तरी ती नजर तिला कळली. तिने खाली काचेकडे बघितलं आणि दिव्याचं बटण उगाच बंद करून पुन्हा लावलं.

दुसऱ्या दिवशीपासून नवीला रंगाच्या खोलीत बसवलं. काढलेल्या आकृतींच्या आत ब्रशाने रंग भरायचं काम. हात कितीही कच्चा असला तरी तिथे चालतो.

आणि त्याचं फळ मधलीच्याच पदरात पडलं. नवी उठल्यामुळे तिच्या वाट्याची चित्रंही आता मधलीकडे आली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. ती सगळ्यांच्या आधी येऊ लागली. भिंग आणलं. भिंगातून एक इंचभर रेघ नीट दिसे, पण पुढचा इंच कुठे जोडायचा ते हरवे. डोकं तिरकं केलं तर डागाच्या कडेने थोडं सापडे, पण हात ज्या जागेवर असे ती जागाच दिसेनाशी होई. खराब चित्रं ती घडी घालून पिशवीत भरे आणि घरी नेऊन बंबात घाली. तरी चाचणीत थरथर येतच राहिली. आता नवीही नव्हती, मग दादांनी टेबलांना दोष दिला. कागद अडकवायच्या खुंट्या झिजल्या असतील म्हणून सगळ्या बदलून घेतल्या. कॅमेऱ्याचा स्क्रू आवळला. कॅमेरावाल्याशी भांडले. खुंट्या नव्या, स्क्रू पक्का, कॅमेरावाला रुसलेला, आणि मावशी थरथरतेच आहे.

घरी धाकटीने आधीच ओळखलं होतं. ती फक्त वाट बघत होती, हिने तोंड उघडायची. एकदा चहा पिता पिता तिचा धीर सुटला.

“मधले, तू माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे का बघतेस?”

मधली म्हणाली, कुठे काय.

“आत्तासुद्धा कानाकडेच बघतेयस. माझ्या कानात काही भारी नाहीये.”

कानाकडे बघितलं की धाकटीचा चेहरा कडेने दिसे. चेहऱ्याकडे बघितलं की चेहरा पुसला जाई. हे सांगताना मधलीला हसू येऊ लागलं आणि हसता हसताच ती रडायला लागली. धाकटीने कप तिच्या हातातून काढून घेतला. तिने दुसऱ्या दिवशी कचेरीतून रजा घेतली आणि मधलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर तरुण होते, आवाजाने मऊ. त्यांनी चौकोनांच्या जाळीचा एक कागद पुढे धरला आणि मधला ठिपका दिसतो का, ते विचारलं. मधलीने प्रामाणिकपणे विचारलं, कुठला ठिपका? दुर्बिणीतून बघून झाल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. यावर औषध नव्हतं. एवढी वर्षं दिव्यावर वाकून बसल्याने झालं का, असं धाकटीने विचारलं.

“नाही,” डॉक्टर म्हणाले. “काम केलं म्हणून गेलं नाही आणि काम सोडलं म्हणून राहणार नाही. एक सांगतो, यांना पूर्ण अंधार कधी होणार नाही. कडेची नजर राहील. घरात वावरता येईल, रस्ता ओलांडता येईल. फक्त ज्याच्याकडे बघाल, ते दिसणार नाही.”

मधलीने मान डोलावली. जणू ते कुणा तिसऱ्याच बाईबद्दल बोलत होते. बाहेर आल्यावर धाकटी म्हणाली, की उद्याच दादांना सांग आणि घरी बस. आपलं दोघींचं माझ्या पगारात भागेल. मधलीने तिला साफ उडवून लावलं. हे काम संपेपर्यंत ब्र काढायचा नाही, अशी शपथ घ्यायला लावली. आपण भीतीने गप्प आहोत हे तिला कळत होतं, पण भीती नक्की कशाची, ते तिला सांगता आलं नसतं. घरात बसायची होती. दादांच्या तोंडावरची ती बोट दाखवतानाची ऐट उतरेल, त्याची होती. आणि सगळ्यांत जास्त, नवीची होती. आता सांगायचं म्हणजे त्या दिवशीचंही सांगावं लागणार.

वाहिनीचा माणूस एका सकाळी येऊन बसला. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं. कार्यक्रमाची वेळ छापून गेली आहे, जाहिराती विकल्या गेल्या आहेत, सुट्टी काही तुमच्यासाठी पुढे ढकलता येत नाही, असं तो हसत हसत म्हणाला. तो गेल्यावर दादा बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. मग उठले आणि मधलीच्या टेबलावर तीन चित्रं आणून ठेवली. मावशी दारात, नाक डावीकडे. मावशी समोरून. मावशी नाक उजवीकडे करून घरात बघते आहे.

त्या मधल्या चित्रासाठी काकांकडे किती खेटे घातले, ते दादांनी सांगितलं. शेवटी ते काकांनी काढलंच नव्हतं, दादांनी स्वतःच्या जबाबदारीवर काढलं होतं. आता या तिघींच्या मधलं सगळं तुझं, म्हणाले. सावकाश वळू दे. घाईने वळली तर बोक्याला ओरडायला वळली असं वाटेल. तिचं मन आधी वळलं पाहिजे, मान मागून.

“हे तुझ्याखेरीज कुणाला जमणार नाही, मधले,” ते म्हणाले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेले.

तिने ते करून पाहिलं. खोटं का बोला, जीव तोडून करून पाहिलं. गाल वळताना त्याची गोलाई दर चित्रात थोडी थोडी बदलत जाते, नाक हळूहळू आखूड होत समोर येतं, डोळा जो एक होता त्याचे दोन होतात. तो दुसरा डोळा कधी उगवायचा, हीच तर गंमत. पण तिने काढलेल्या चित्रांत मावशीचा चेहरा वितळल्यासारखा झाला. एकात नाक गालावर सरकलं, एकात दोन्ही डोळे एकाच बाजूला आले. तिने तो गठ्ठा फाडला. दुसरा काढला, तोही फाडला. पेन्सिलीच्या टोकाने कागदावर खळगे पाडून बोटाने चाचपत रेघ शोधून पाहिली. आंधळ्याने हत्ती चाचपावा तसं.

दुपारी सगळे डबे खायला बसले असताना ती उठली आणि जिन्याकडे गेली. छापखान्याचा तो जिना उंच आणि दगडी होता. वरच्या पायरीवर ती उभी राहिली. खाली बघितलं तर पायऱ्यांच्या मध्यभागी तोच करडा डाग, आणि कडेने दगड. तिच्या मनात आलं, इथून पाय घसरला आणि मनगट मोडलं, तर डोळ्यांबद्दल कुणी विचारणारच नाही. बिचारीचा हात गेला म्हणतील. फळं घेऊन भेटायला येतील. हातच तर मोडायचा आहे, मान नाही. आपण पायरीच्या कडेला आलो आहोत आणि एक टाच उचलली आहे, हे तिला उशिरा कळलं.

“ताई, वाट द्या. बाटल्या जड आहेत.”

खालून नवी वर येत होती, दोन्ही हातांत रंगाच्या बाटल्यांची खोकी. मधली बाजूला झाली नाही. ती तिथेच खाली बसली, अगदी बसकण मारून, आणि नवीच्या कानाकडे बघत तिला सगळं सांगून टाकलं. गज फुगल्यापासूनचं. मावशीची ती हलणारी हनुवटी आपणच काढली होती आणि त्या दिवशी आपल्याला ते माहीत होतं, हेही.

नवीने खोकी पायरीवर ठेवली. मधली म्हणाली, मला क्षमा कर.

“मला सांगून काय उपयोग?” नवी म्हणाली. “मला त्याच दिवशी माहीत होतं. दादांना सांगा.”

तिने खोकी उचलली आणि मधलीला वळसा घालून ती वर गेली.

मधली तशीच उठून तिच्या मागोमाग गेली. डबे उघडे होते, माणसं जेवत होती. तिने दादांना सगळ्यांसमोर सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. दादांचा घास हातातच राहिला. ते चिडतील असं तिला वाटलं होतं, चिडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, “आत्ता?” आणि मग स्वतःशीच म्हणावं तसं पुन्हा, “आत्ता सांगतेस होय?” त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला असेल. तिला दिसला नाही.

मग त्यांनी रंगाच्या खोलीकडे तोंड करून नवीला हाक मारली आणि टेबल सांभाळशील का, विचारलं. नवी दारात येऊन उभी राहिली. ब्रश पुसत म्हणाली, येते, पण त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललात, तसंच आजही सगळ्यांसमोर काय ते बोला. दादांना तसलं बोलायची सवय नव्हती. त्यांनी खाकरून घसा साफ केला, माझं चुकलं म्हणाले आणि लगेच कुणीतरी डबा सांडला म्हणून त्याच्यावर ओरडले. तेवढ्यावर नवी टेबलाला आली.

मधली आपली पेन्सिल, भिंग, खोडरबर गोळा करू लागली. तेव्हा नवी म्हणाली, की तुम्ही कुठे निघालात? मला हात आहे, पण हे असलं वळण मी जन्मात काढलेलं नाही. इथेच बसा आणि सांगा.

मधली बसली. सुरुवातीला काय सांगावं तेच कळेना, कारण नवी काढत असलेली रेघ तिला दिसत नव्हती. मग नवीने पाच-सहा कागद काढून झाल्यावर ते बोटांच्या पेरांत धरून फरकन सोडले. मधली त्या वेळी खिडकीकडे बघत होती. आणि नजरेच्या कडेला मावशीची मान हलली. रेघ दिसली नाही, पण हलणं दिसलं. इतकं स्वच्छ, की दचकून ती म्हणाली, “तिसऱ्यात गाल उडी मारतोय.” नवीने तिसरा कागद खाली दिव्यावर धरला. मारत होता.

त्यानंतर दोघींचं तसंच चाललं. नवी काढी आणि कागद फडफडवी, मधली खिडकीकडे तोंड करून बसे आणि सांगे. इथे घाई झाली. इथे श्वास घेऊ दे तिला. दुसरा डोळा अजून नको, अजून नको, हां, आत्ता. नवी कधी ऐके, कधी वाद घाली. दोघींत मैत्री झाली असं म्हणता येणार नाही. डबा खायला नवी पूर्वीसारखीच वेगळी बसे. जुन्या प्रसंगांतली थरथर काढायला वेळच उरला नव्हता, जी घालवता आली ती घालवली, बाकीची तशीच गेली. पण वळणं पुरं झालं.

ते भिंतीवर दाखवलं त्या दिवशी काकांना बोलावलं होतं. मावशी दारात थांबली. बॅग धरलेला हात थोडा सैल झाला. खांदा वळला, मग हनुवटी, आणि ती क्षणभर अगदी समोर, पडद्याबाहेर बघत थांबली आणि पुढे घरात, बोक्याकडे वळली. काका खुर्चीत पुढे सरकून बसले होते.

“अशी दिसते होय,” ते म्हणाले.

टोपी घेऊन निघाले तेव्हा दारापाशी नवी आणि मधली दोघींना त्यांनी नमस्कार केला. मधली भिंतीकडे तोंड करून उभी होती. रडतेय असं लोकांना वाटलं. ती ते वळणं पुन्हा पुन्हा आठवून बघत होती.

सुट्टीच्या संध्याकाळी धाकटीने टीव्हीसमोरची खुर्ची तिरकी करून ठेवली, म्हणजे मधलीला कडेने बघता येईल. शेजारणी आल्या. थोरलीचा लांबून फोन आला, की आम्ही सगळे बसलोय. कार्यक्रम सुरू झाला. बोका बॅगेत झोपला तेव्हा शेजारणी खो खो हसल्या. बॅगेच्या कडीपाशी मावशीची हनुवटी थरथरली, ती फक्त मधलीला कळली. मग मावशीने बॅग उचलली, बोक्याला दम भरला, दारापाशी गेली. थांबली. बॅग धरलेला हात सैल झाला.

आणि पुढच्या क्षणाला ती खिडकीत बसली होती, बोका मांडीवर.

जाहिराती जास्त झाल्या होत्या. वाहिनीने कार्यक्रमाला कात्री लावली होती, आणि लावली ती जिथे कुणी बोलत नव्हतं, काही घडत नव्हतं, नुसती एक बाई सावकाश वळत होती, तिथे. शेजारणींना काहीच खटकलं नाही. त्यातली एक डोळे पुसत म्हणाली, की शेवटी राहिली बाई घरीच. छान होतं. धाकटी शेजारणींकडे नाही, बहिणीकडे बघत होती. मधलीने विचारलं, टीव्हीत बिघाड झाला का? तिला माहीत होतं, पण विचारलं. धाकटी खोटं बोलू शकली असती. नाही, म्हणाली, कापलंय त्यांनी.

दादांनी वाहिनीशी भांडण काढलं, वाहिनीचा माणूस हसत हसत ऐकून घेत राहिला. काकांनी त्या दिवसानंतर कुणाचा फोन घेतला नाही. नवीला पुढे मोठ्या स्टुडिओत काम मिळालं. जाताना तिने मधलीला नीट खुर्चीपाशी येऊन सांगितलं, येते ताई. मधली आणखी काही काळ जात राहिली. इतरांनी काढलेली चित्रं खिडकीकडे तोंड करून कडेच्या नजरेने तपासत बसे. मग डाव्या डोळ्याच्या मध्यात उरलंसुरलं होतं तेही गेलं आणि स्टुडिओही मिटला. मजला रिकामा करताना जुन्या कागदांचे गठ्ठे रद्दीवाल्याने नेले. वळण्याचा गठ्ठाही त्यातच गेला असणार. दादांना आठवत नव्हतं.

‘बोक्याची मावशी’चा तो कार्यक्रम वाहिनी अजूनही दर वर्षी सुट्टीत दाखवते, कापलेलाच. मुलांना पाठ झालाय. धाकटी आता निवृत्त झाली आहे. तो लागला की ती उठून टीव्ही बंद करायला जाते. राहू दे ग, म्हणते मधली, आणि बोका बॅगेत चढतो तिथपर्यंत तोंड भिंतीकडे करून ऐकत बसते. दाराचा प्रसंग जवळ आला, की चाचपत स्वयंपाकघरात जाते आणि चहाचं आधण ठेवते.